गोठ्यातल्या खांबावरचा फोन

आमच्या निरगुडसरच्या आळीत मोबाईलला रेंज यायची ती फक्त शेजारच्या काकांच्या गोठ्यात! सगळे आपापले फोन तिथल्या खांबाला पिशवीत अडकवून ठेवायचे. कुठलाही वाजला की काका गुडघ्यावर हात टेकत उठायचे, बघायचे, "माजा न्हाई," म्हणायचे आणि ज्याचा असेल त्याला हाक मारायचे. नाशिकला गेलेल्या त्यांच्या पोराचा फोन क्वचितच यायचा.

मग गावात टॉवर झाला आणि लई भारी रेंज आली! सगळ्यांनी फोन घरी नेले. काकांचा तेवढा लटकत राहिला.

"काका, आता घरात पण लागतो की! आत न्या ना," मी म्हटलं.

"नगं राव," ते दमून खाली बसले. "पोरगं फोन हितंच लावतं. त्यानं लावला आन् मी हितं नसलो तर?"