आईची वेळ, बाळाची वेळ

मोठ्या सिस्टर उंचीने जेमतेम पाच फूट होत्या. डाव्या मनगटावर, तबकडी आतल्या बाजूला वळवलेलं, एक पुरुषी घड्याळ असायचं. कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कारखान्यातून निवृत्त होताना त्यांच्या वडिलांना मिळालेलं. सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की त्या ते जुळवून घेत आणि मग कोपरीहून कल्याणला माझ्या प्रसूतिगृहात येत. माझं घड्याळ दोन मिनिटं जरी पुढे दिसलं तरी म्हणत, "डॉक्टर, तुम्ही उद्यात जगताय." एकवीस वर्षं त्यांनी माझ्याकडे काम केलं.

मूल जन्मलं की नातेवाइकांना पत्रिकेसाठी वेळ हवी असते. बाकीच्या नर्सेस तोंडी सांगून मोकळ्या होत. सिस्टर चिठ्ठी द्यायच्या आणि तिच्यावर दोन वेळा लिहायच्या. जन्माची एक, पहिल्या रडण्याची दुसरी. बहुतेकदा दोन्हींत अर्ध्या मिनिटाचाही फरक नसे. मी एकदा हसून विचारलं, दोन कशाला? तर म्हणाल्या, "बाहेर येतं ती आईची वेळ. रडतं ती त्याची स्वतःची. ज्योतिषाला कुठली हवी ती घेऊ दे."

कळा देणाऱ्या बाईवर त्या कधी ओरडल्या नाहीत. तिच्या पायाशी उभ्या राहून इकडच्या तिकडच्या चौकश्या करत. माहेर कुठलं, सासूला जेवण आवडतं का, नवरा घोरतो का. मध्येच तोच आवाज जरा खाली आणून, "आता जोर दे, बाय." शिक्षण आठवीपर्यंत. नर्सिंगचं प्रमाणपत्र नव्हतं. त्यांना सगळं मी शिकवलं, असं मी लोकांना सांगत असे. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकण्यात त्या माझ्या पुढे गेल्या होत्या, हे मात्र सांगत नसे.

त्या दिवशी मी डोंबिवलीला दुपारच्या ओपीडीत होतो. चार वाजता सिस्टरांचा फोन आला. मोहन्याची एक पहिलटकरीण सकाळपासून दाखल होती. "डॉक्टर, बाळाचे ठोके उतरतायत. या." मी आलोच म्हणालो. बाहेर पाच पेशंट बसले होते. मी पाचही तपासले. कल्याणला पोचलो तेव्हा पाच वाजले होते. सिझेरियनची सगळी तयारी सिस्टरांनी करून ठेवली होती.  मी आत येताच त्यांनी नुसतं घड्याळ पाहिलं.

बाळ निळं होतं. मी आईचे टाके घालत होतो आणि पाठीमागे सिस्टर आणि बाळांचे डॉक्टर त्या मुलाला श्वास देत होते. मग तो रडला. मांजराच्या पिलासारखा, बारीक.

वर्षभराने मुलाच्या वडिलांनी, विलासने, मी उशिरा आलो म्हणून ठाण्याच्या ग्राहक मंचात तक्रार केली. मुलगा मान धरत नव्हता. नोटीस आली त्या दुपारी मी केबिनचं दार लावून केस पेपरचं एक पान नव्याने लिहिलं. सिस्टरांचा फोन चारऐवजी पावणेपाचला. बाळ जन्मताच रडलं.  अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं. पान सिस्टरांपुढे सहीसाठी ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पेन टोपण लावून मला परत दिलं.

"ही माझ्या घड्याळातली वेळ नाही, डॉक्टर."

सहीवाचून काम भागेल असं मला वाटलं. चिठ्ठीचा विचार मी केला होता. पण ही बौद्ध कुटुंबातली माणसं, पत्रिका काढणार नाहीत, तर वेळ कशाला मागतील? वेळ त्यांनी खरंच मागितली नव्हती. विलास सिस्टरांना म्हणालाही होता, आमच्यात पत्रिका नसते. सिस्टर म्हणाल्या, "पत्रिका नसेल, पोरगा आहे ना? ठेवा." हे मला कळलं ते मंचात, चिठ्ठी समोर आली तेव्हा.

विलासच्या बाजूने साक्षीला सिस्टर आल्या. माझ्या वकिलाने टोमणा मारला, तुमचं घड्याळ तरी बरोबर चालतं का? त्यांनी मनगट वळवलं, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचं ते वरचं सात मिनिटं मागे आहे." लोक हसले. मग वकिलाने प्रमाणपत्राचं विचारलं. त्या नाही म्हणाल्या. माझ्या प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं की ही बाई मदतनीस आहे, नोंदी करण्याचा तिला अधिकार नाही, चिठ्ठीतल्या वेळा अंदाजाने लिहिल्या आहेत. खाली सही माझी. तक्रार फेटाळली गेली. दुसऱ्या दिवसापासून सिस्टर कामावर आल्या नाहीत. मी बोलावलं नाही.

पुढे मी प्रसूतिगृह विकलं. गेल्या महिन्यात सिस्टर गेल्याचं कळलं, म्हणून कोपरीला त्यांच्या भाचीकडे गेलो. तिथे विलास होता. शेजारी चाकाच्या खुर्चीत तेरा वर्षांचा मुलगा, मान एका बाजूला कललेली. भाची सांगत होती, मावशी दर रविवारी मोहन्याला जायची, या सम्यकचे हातपाय तेलाने चोळायला. एक रविवार चुकवला नाही. विलासने मला ओळखलं. तो उठला आणि स्वतःची खुर्ची पुढे केली. "बसा, डॉक्टर."

मी बसलो. काही वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आतलं सगळं भूल दिल्यासारखं होतं.

चार दिवसांनी मी मोहन्याला गेलो आणि विलासच्या हातात एक कागद दिला. केस पेपरचं पान मी बदललं, सिस्टरांची चिठ्ठी खरी होती, एवढं त्यावर लिहिलं होतं. तो म्हणाला, "आता याचं मी काय करू?" मी म्हणालो, वकिलाला दाखवा, कुठेही येऊन हेच सांगेन. आतल्या खोलीत सम्यकची आई त्याला भरवत होती. ती बाहेर आली नाही.

विलासने कागद पुन्हा वाचला आणि माझ्यापुढे धरला.

"दोन्ही वेळा लिहा, डॉक्टर."

मी पेन काढलं. आठवावं लागलं नाही.

जन्म, पाच वाजून वीस मिनिटं.

रडला, पाच वाजून बत्तीस मिनिटं.