साऱ्याचा हप्ता आणि त्यांचं नाव

आमचे हे आगबोटीवर खलाशी होते. पावस गावात, वर कातळाच्या सड्याच्या कडेला आमचं एकटं घर, मागे थोडी कलमं, खाली भाताचा एक तुकडा. सासू-सासरे मी यायच्या आधीच वारलेले, मूलबाळ नव्हतं. बोटीवर निघताना ह्यांनी बजावलं होतं, जमिनीच्या साऱ्याचा हप्ता चुकवू नकोस, चुकला की वर दंड बसतो. वर्षभर पत्रं आली, मग विरळ झाली, मग थांबलीच. सुट्टीवर आलेल्या खलाशांना विचारलं, तर कुणी म्हणे ते एडनला उतरले, कुणी म्हणे दुसऱ्या बोटीवर गेले. खात्रीने कुणीच सांगेना.

हप्त्याची दवंडी गावात पिटली जायची, पण सड्यापर्यंत आवाज पोचत नसे. म्हणून मीच ध्यानात ठेवायची. संक्रांत झाली की पहिला हप्ता, शिवरात्रीच्या आत दुसरा. आंबा मोहरला की जीव धास्तावायचा, आजच शेवटचा दिवस नसेल ना. मग खाली मोहल्ल्यात राहणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचीकडे जाऊन विचारायची. तिचा मुलगाही बोटीवर होता आणि त्याचा सारा तीच भरायची. आम्ही दोघी मिळून चावडीवर जायचो.

पहिल्या खेपेला तलाठ्याने विचारलं, सारा कुणाच्या नावचा? मी चाचीकडे बघितलं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, एरवी नवऱ्याचं नाव कधी तोंडातून निघालं नव्हतं. शेवटी चाचीनेच ते मोठ्याने सांगितलं. पुढे दरवर्षी तीच सांगायची. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत असे. बाकी वर्षभर त्यांचं नाव माझ्यासमोर कुणी काढत नव्हतं. लोकांना वाटे मला वाईट वाटेल.

अशी बरीच वर्षं गेली. एकदा तलाठ्याने हळू आवाजात सुचवलं की आता जमीन माझ्या नावावर करून घ्यावी, वारसाची नोंद करता येईल.

मी म्हटलं, "त्यासाठी ते गेले असं मला सांगावं लागेल ना?"

"सांगावं लागेल," तो म्हणाला.

"मग राहू द्या."

त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. पुढल्या पावसाळ्याआधी चाचीला तिच्या मुलाने मुंबईला नेलं. जाताना ती माझा हात धरून बराच वेळ बसली.

पुढची संक्रांत झाली तशी मी एकटीच चावडीवर गेले. तलाठी नवा होता, मला ओळखत नव्हता. त्याने विचारलं, सारा कुणाच्या नावचा? मागे माणसं खोळंबली होती. मी पदर सावरला आणि त्यांचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. त्याने मान वर न करता लिहून घेतलं. बाहेर पिंपळाच्या पारावर थोडा वेळ टेकले, तेव्हा कुठे चालता आलं.

घरी आले तर गाय हंबरत होती. तिला पाणी दाखवलं, चूल पेटवली. भात रटरटत असताना तेच नाव मी पुन्हा एकदा घेतलं, आपलं घरातल्या घरात, बेताच्या आवाजात. ऐकायला कुणी नव्हतं. ते काही परत आले नाहीत. मी सारा भरत राहिले, त्यांच्याच नावाने.