बिनतिकीट झिंगा आणि मामाजींची आंघोळ

नागपूरला समुद्र नाही. हे मला शाळेपासून माहीत होतं. तरी गेल्या उन्हाळ्यात घरातल्या प्रत्येकाने ते मला नव्याने समजावून सांगितलं.

"अहो, समुद्रच पाहाचा असन त मुंबईले जाऊन येऊ," माझी बायको वंदना म्हणाली. "घरात काहून आणून राहिले?"

आता याला काय उत्तर द्यायचं? सरकारी कचेरीत उभं आयुष्य फायली सरकवलेल्या माणसाला एखादा छंद नको का? आमच्या मागच्या गल्लीतले एक गृहस्थ कबुतरं पाळतात, त्यांना कोणी विचारत नाही की आकाश घरात काहून आणलं! मी तर फक्त हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवली होती. टीव्हीच्या जागी. (टीव्ही बेडरूममध्ये गेला. त्यावरून जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

अशा टाकीला दगड लागतो. साधा नाही, जिवंत दगड! "सिमेंटचाच राह्यते साहेब, पण समुद्रात मुरवून आणते," दुकानदार म्हणाला. "लोणच्यावानी. एकदम कायदेशीर." त्या दगडाच्या भोकाभोकांत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात आणि पाणी स्वच्छ ठेवतात, असं त्याने सांगितलं. डोळ्यांना चांगले दिसणारे जीवही त्यात बसून फुकट प्रवास करतात, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

त्याच सुमारास माझे सासरे आमच्याकडे मुक्कामाला होते. मी त्यांना मामाजी म्हणतो. रामटेकच्या शाळेत त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, एका डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी चिकटवलेली होती, पण उरलेल्या डोळ्याने ते माझ्या दगडाकडे असे बघत होते, जसा कॉपी करणारा पोरगा सापडावा.

"जवाईबापू, दगड कधी जिवंत राह्यते काय?"

"हा आहे, मामाजी."

"मी पोरायले निर्जीव वस्तूचं पहिलं उदाहरण दगडाचंच देत होतो! मंग आता काय पिढ्यानपिढ्या फेल करू?"

मी दगड टाकीत नीट बसवू लागलो. जावयाने गप्प बसावं, असं शास्त्र आहे.

थोड्याच दिवसांत दगडातून पहिला पाहुणा बाहेर आला. लांबलचक, गुलाबी, दोन्ही बाजूंनी केसाळ.

"माय वं! गोम!" वंदना सोफ्यावर चढली.

"गोम नाही ते, गांडूळ होय," मामाजी म्हणाले.

"गांडुळाला केस असतात का, मामाजी?"

"समुद्रातलं असन. तुम्ही असं करा, त्याले फॉर्मालिनच्या बरणीत टाका. म्हंजे नीट ओळखता येते. जिवंत प्राण्याची ओळख पटत नाही, हलून राह्यते ते!"

मी आधुनिक माणूस. मी फोटो काढून टाकीवाल्यांच्या एका ग्रुपवर टाकला आणि विचारलं, हा कोण? लगेच उत्तर आलं, मी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं: "काळजी नको, उपयोगी किडा आहे, उष्टंखरकटं खाऊन टाकी साफ ठेवतो." मी आनंदाने त्याला हातावर घेतलं, घरच्यांना दाखवायला. मग उत्तराची पुढची ओळ वाचली: "फक्त हात लावू नका."

निवडुंगाचे बारीक काटे भरावेत तशी बोटं भरली! आग होऊ लागली, आणि ती वाढतच चालली. दवाखान्यात डॉक्टरांनी बोटं उलटसुलट केली.

"कशानं झालं?"

"समुद्री किड्याचे काटे आहेत."

"अच्छा, कुठं गेले होते? गोवा?"

"नाही. हॉलमध्ये होतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि पुढचे सगळे प्रश्न तिला विचारले.

याचा राग मी धरला नाही. मी टाकीत माशांची एक जोडी आणली. नारंगी रंगाची, अंगावर पांढरे पट्टे. आणि चमत्कार झाला! ज्या वंदनाने समुद्राला उंबरठ्यावर अडवलं होतं, ती सकाळी चहाआधी टाकीशी जाऊन उभी राहू लागली. "माझी जोडी जेवली काय?" मला कधी कोणी असं विचारलं नाही, पण असो.

त्यात मे महिना लागला. नागपूरचा मे! टाकीचं पाणी तापू लागलं, म्हणून मी टाकीचं झाकण काढलं आणि टेबलफॅन तिच्याकडे वळवला.

"मास्यायले पंखा, अन् माणसं घामानं भिजून राहिले!" मामाजी बनियन झाडत म्हणाले. बोलले खरे, पण स्वतःची खुर्ची त्यांनी हळूच टाकीजवळ सरकवली.

मग एक दिवस, काचेवरचं शेवाळ खायला आणलेल्या गोगलगायींचे नुसते शंख उरले. कोणीतरी फोडलेले. त्यानंतर टाकीतून अधूनमधून आवाज येऊ लागला: टक! वंदनाला वाटलं, काच तडकते आहे. मामाजींना वाटलं, इन्व्हर्टर गेला. मी मात्र शांतपणे निरीक्षण केलं, आणि दगडाच्या एका भोकात मला दोन डोळे दिसले. काडीवर बसवलेले, एक इकडे बघतोय, एक तिकडे. मी त्याचाही फोटो ग्रुपवर टाकला. फोटो धूसर होता, पण ग्रुपवरचा एक जाणता लगेच म्हणाला, "हा पिस्तूल झिंगा. नांगीने फटाका वाजवतो, बाकी बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात."

बिचारा! माझं मन भरून आलं. मी रोज चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरून त्याच्या भोकाशी नेऊ लागलो. तो असा झडप घालून घ्यायचा, की चिमटा हातात थरथरायचा. मी म्हटलं, प्रेम आहे.

आणि एका सकाळी वंदनाची हाक आली. "अहो! एकच हाय!"

जोडीतला एक मासा गायब. टाकीत नाही, फरशीवर नाही, सोफ्याखाली नाही. वंदनाच्या डोळ्यांत पाणी. आता मी तपास करणं भागच होतं, आणि मला फार शोधावं लागलं नाही. टाकीचं झाकण उघडं, समोर खिडकी उघडी, आणि खिडकीत बसून मिशा पुसत होती राणी. राणी म्हणजे शेजारच्या ढोबळेवहिनींची मांजर.

मी तसाच बनियनवर शेजारी गेलो.

"वहिनी, तुमच्या राणीनं आमचा मासा खाल्ला."

"काऽय? पाह्यलं काय तुम्ही?"

"मिशा पुसत होती!"

"मिशा पुसणं गुन्हा हाय काय भाऊ? तुम्ही नाही पुसत?" वहिनी दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अन् खाऱ्या पाण्यातलं माझी राणी तोंडातबी नाही घेत. तिले किडनीचा त्रास हाय, डॉक्टरनं मीठ बंद केलं तिचं!"

"मांजराचं मीठ कोणी बंद करतं का?"

"तुम्ही मास्याले मीठ घालून राहिले, ते चालते?"

मी आवाज वाढवला. वहिनींनीही वाढवला. परिणाम असा झाला, की दोन्ही घरांचं बोलणं बंद. आणि नेमक्या त्याच आठवड्यात गच्चीवर दोघींच्या कुरड्या चालल्या होत्या! गव्हाचा चीक आमच्या घरी, सोऱ्या वहिनींच्या घरी, आणि मधे मी. वंदनाने आंबट झालेल्या चिकाचं पातेलं माझ्या समोर आणून ठेवलं आणि म्हणाली, "घ्या. टाका तुमच्या समुद्रात."

मी डगमगलो नाही. खिडकीला जाळी लावली. न्याय माझ्या बाजूने होता.

तो फार टिकला नाही. ढोबळे कुटुंब नरखेडला लग्नाला गेलं, राणीला टोपलीत घालून सोबत नेलं. आणि त्यांची गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या टाकीतला दुसरा मासाही नाहीसा झाला.

वंदना टाकीसमोर उभी राहिली. "मांजर नरखेडले. खिडकीले जाळी. मंग खाल्ला कोणी?"

मी मामाजींकडे पाहिलं. (मी मान्य करतो, तो क्षण बरा नव्हता.)

"माह्याकडे काय पाहून राहिले? मी शाकाहारी हाय!" मामाजी कडाडले.

तेवढ्यात दगडाच्या भोकातून आवाज आला. टक!

मी यावेळी टॉर्च लावून स्वच्छ फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. ग्रुप हादरला. हा पिस्तूल झिंगा नव्हेच! हा मॅन्टिस झिंगा. याच्या हाताला हातोडे असतात, त्याने शंख फोडतो, मासे गट्ट करतो, आणि चांगलं खायला मिळालं तर झपाट्याने वाढतो. चांगलं खायला! तेही रोज, चिमट्याने, माझ्या हातून! आणि ज्या जाणत्याने त्याला बिचारा म्हटलं होतं, तोच आता लिहीत होता, "मी पहिल्यापासून सावध केलं होतं." मी विचारतो, अशा माणसांना ग्रुपवर घेतंच कोण?

उपाय मात्र त्यांनी सांगितला. बादलीत जास्त मिठाचं पाणी करायचं, दगड त्यात बुडवायचा, की आतली सगळी मंडळी घाबरून बाहेर येतात. सकाळी मी तसं केलं, बाथरूममध्ये, नवी कोरी निळी बादली घेऊन. काय काय निघालं! एक खेकडा, दोन-चार केसाळ किडे, आणि शेवटी तो. हिरवा, लाल ठिपक्यांचा, माझ्या मधल्या बोटाएवढा. मी दगड उचलून टाकीत परत ठेवला आणि बादलीतल्या मंडळींचा फोटो काढावा म्हणून मोबाईल शोधायला गेलो. मोबाईल चार्जिंगला होता. आता चार्जिंगला लावलेला मोबाईल आधी थोडा चार्ज होऊ द्यावा, असं कोणालाही वाटेल.

आमच्याकडे उन्हाळ्यात नळ सकाळीच येतो. भरलेली बादली म्हणजे आंघोळीची बादली, हा घरचा नियम. मामाजींनी चष्मा काढला, डोळ्यावरची वाटी सांभाळली आणि बाथरूमचं दार लावून घेतलं.

पहिला तांब्या अंगावर पडल्याचा आवाज आला. मग आतून आवाज आला, "जवाईबापू! तुमच्या नळाले खारं पाणी येऊन राहिलं! महानगरपालिकेत तक्रार करा!"

मी मोबाईल टाकून ओरडलो.

"मामाजी, थांबा! दुसरा तांब्या घेऊ नका!"

टक!

त्यानंतर जी किंकाळी आली, ती मी शब्दांत लिहू शकत नाही. वंदना धावली, मी धावलो. दार उघडलं. मामाजी टॉवेल गुंडाळून, रक्ताळलेला अंगठा वर धरून उभे होते.

आणि मी, त्यांचा जावई, पहिलं वाक्य काय बोललो?

"बादली सांडली तर नाही ना?"

हे वाक्य आता आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांना तोंडपाठ आहे. परवा एका बारशात एका अनोळखी बाईंनी ते मला म्हणून दाखवलं.

नरखेडहून त्याच सकाळी परतलेल्या ढोबळेवहिनी किंकाळी ऐकून आल्या. त्यांनी मामाजींचा अंगठा पाहिला, बादलीत डोकावून पाहिलं, आणि मग अत्यंत शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे हा होय तुमचा चोर. मंग आता माह्या राणीले सॉरी म्हणा."

"वहिनी, मी तुम्हाला सॉरी म्हणतो."

"मले काहून? मिशा मी पुसल्या काय?"

वंदनाने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी शेजारी गेलो. फ्रिजवर बसलेल्या मांजरीपुढे, दोन घरांच्या साक्षीने, मी सॉरी म्हटलं. राणीने पाठ फिरवली. वहिनींनी मात्र सोऱ्या बाहेर काढला, आणि संध्याकाळपर्यंत दोघींनी नवा गहू भिजत घातला.

राहिला तो गुन्हेगार. माझा निकाल तयार होता: परत दुकानदाराच्या गळ्यात घालायचा. मी बादली उचलली, तर मामाजी अंगठ्याला पट्टी बांधून आडवे आले.

"हात नका लावू त्याले!"

"पण मामाजी, यानं तुम्हाला मारलं!"

"मारलं त मारलं. जन्मभर मेलेले प्राणी शिकवले मी, जवाईबापू. बरणीतले. एकानंबी कधी उलटून मारलं नाही." आणि ते बादलीवर वाकून, एका डोळ्याने, अशा मायेने बघू लागले, की मी बादली खाली ठेवली. "पाहा, पाहा, कसा डोळे फिरवून राहिला! हा बबन होय. आमच्या वर्गात होता एक बबन, अस्साच."

मामाजींचा डोळा बरा होऊन महिने लोटले. रामटेकला जायचं नाव नाही. बबनला त्यांनी स्वतंत्र टाकी करवून घेतली. ती हॉलमध्ये आहे. माझ्या मोठ्या टाकीत मासे आणण्याची वंदनाची हिंमत होत नाही, म्हणून तिथे सध्या फक्त दगड आहे. आसपासची पोरं बबनला बघायला येतात. मामाजी छडी घेऊन त्याचे अवयव सांगतात, वंदना त्याला कोळंबी देते, ढोबळेवहिनीसुद्धा "काय म्हणते बबन?" म्हणून डोकावतात. त्याचं खारं पाणी कोण मोजून कालवतं, बादल्या कोण वाहतं, काच कोण घासतं, याची चौकशी कोणी करत नाही.

नाही म्हणायला, मागच्या रविवारी एका छोट्या मुलीने केली. मी बादली घेऊन चाललो होतो. तिने माझ्याकडे बोट दाखवून मामाजींना विचारलं, "आजोबा, हे कोण?"

मामाजींनी चष्मा सारखा केला, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "घाबरू नको बेटा. उपयोगी हाय. टाकी साफ ठेवते."