टेकू काढायची तारीख

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. शिरूरहून भांडगावला जाताना गाडीवर कितीदा शब्द जुळवले — आणि साइटचं गेट दिसलं की गिळले. आज तुम्हाला सांगतो.

भांडगावला गोडाऊनचं काम चालू होतं आणि मी प्लॅनिंग इंजिनिअर. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये एक काम दुसऱ्याला जोडायचं. स्लॅब ओतला, चौदा दिवस पाणी मारलं, की मगच खालचे टेकू काढायचे — ही जोडणी माझीच. पण स्लॅबला आठ दिवस उशीर झाला आणि त्याच्यामागची सगळी कामं पडद्यावर लाल झाली. स्लॅब ओतून सहाच दिवस झालेले, आणि त्या दिवशी मोठे साहेब आढावा घ्यायला येणार. त्यांना तो लाल तक्ता दाखवायची माझी छाती होईना. सकाळी मी ती जोडणी काढून टाकली. टेकू काढायची तारीख अलीकडे सरकून त्याच दिवसावर आली, सगळं हिरवंगार. मीटिंग झाली की परत जोडणार होतो — होतो ना? आता माझा मलाच भरवसा नाही.

दिवसाच्या कामांचा कागद त्याच तक्त्यावरून निघून बोर्डावर लागायचा. तसा तो लागला. आमचे सेंट्रिंगचे मिस्त्री, राहू गावचे कोंडिबा मामा, यांनी तो वाचून भर मीटिंगमध्ये मला फोन केला.

"सायेब, स्लॅब आजून कच्चा हाय. आन् कागदावर टेकू काढा म्हणलंय. काढू का?"

समोर साहेब बसलेले. नको म्हटलं तर तक्ता खोटा ठरणार. मी तोंड वळवून हळूच म्हणालो, "कागदावर आहे ना मामा? मग काढा."

दुपारी स्लॅबचा कोपरा खाली आला. मामांचा पाय त्याखाली सापडला. माणसं त्यांना ओढून काढत होती — आणि मी कुठं होतो? ऑफिसात. आधी तक्त्यातली जोडणी पुन्हा केली, मग बोर्डावरचा कागद काढून खिशात घातला. चौकशीत लिहून दिलं, की मी फोनवर थांबा म्हणालो होतो. मिस्त्रीनं घाई केली, असा निकाल लागला. भ्याडपणा म्हणतात तो हाच.

मामांना आता कुणी सेंट्रिंगला बोलवत नाही. राहूला भेटायला गेलो, तेव्हा ते ओसरीवर पाय लांब करून बसले होते. त्यांनी चहा सांगितला. चहा आल्यावर म्हणाले, "तुमी थांबाच म्हणला आसाल, सायेब. मलाच घाई नडली आसंल. न्हाई का?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "असेल, मामा."