डबल स्टँडवरची गाडी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी माझं मोटारसायकल चालवणं बंद केलं, त्याला आता दोन वर्षं होतील. तरी बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जातो आणि डबल स्टँडवरची गाडी दहा मिनिटं चालू ठेवतो.

आज सीटवर बसलो आणि सवयीनं पायानं गिअर टाकला. मागचं चाक हवेत गरगरू लागलं. तेवढ्यानंच ज्वारीच्या शिवारातून जाणारा तो अरुंद डांबरी रस्ता आठवला. समोरून म्हशी आल्या की मी इंजिन बंद करून कडेला थांबायचो. मागून येणारा गुराखी हमखास विचारायचा, "कुठं निघालात, पाव्हणं?"

"कुठं नाही, असंच."

एकट्यानं निघण्याची सगळी ऐट त्या उत्तरात होती.

"अहो, कुठं निघालात?" वर गॅलरीतून बायकोनं विचारलं.

"कुठं नाही," मी म्हणालो. पुढे 'असंच' म्हणवलं नाही.

गाडी तिसऱ्या गिअरपर्यंत नेली. वेगाचा काटा शून्यावरच होता. या गाडीचा काटा पुढच्या चाकावर चालतो, आणि पुढचं चाक फरशीवर गप्प टेकलेलं होतं.