दोन पिवळ्या रेघा

रशीद मास्टर माणसाला आधी पाठीमागून पाहत. लग्नाला गेले तरी नवरदेवाच्या मागे जाऊन उभे राहत आणि शेरवानीची शिवण बघून मान हलवत. “पुढून तं सगळेच नटते, बेटा. शिंप्याचं खरंखोटं पाठीत दिसते,” असं म्हणत. ब्रह्मपुरीच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक लांब पाट आणि कोळशाची इस्त्री. शर्ट, पायजमे, शाळेचे गणवेश यांवर घर चालायचं, पण त्यांचा जीव होता किल्टमध्ये.

किल्ट म्हणजे मशकबीन, पिशवीत हवा भरून वाजवायची पाइप, वाजवणारे बँडवाले कमरेला बांधतात तो लोकरीचा, चौकड्यांचा, मागून दाट चुण्यांचा पोशाख. तरुणपणी मास्टर मेरठला एका उस्तादाच्या हाताखाली तो शिवायला शिकले होते. नागपूरकडच्या बँडपथकांच्या आणि आमच्या भागातल्या एक-दोन शाळांच्या ऑर्डरी त्यांच्याकडे येत. बाजारातली टवाळ मंडळी विचारायची, “मास्टर, घागरा कोणाचा शिवून राह्यले?” मास्टर कात्री खाली ठेवून शांतपणे सांगत, “घागऱ्याले घेर पाह्यजे, बाबू. याले डोकं पाह्यजे. तुह्या कामाचं नाई.”

मी बारावी नापास झाले होते आणि शिवणवर्गाचं प्रमाणपत्र घेऊन त्यांच्याकडे शिकायला गेले होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पहिले दोन महिने त्यांनी मला सुईला हात लावू दिला नाही. चौकड्यांचा एक तुकडा समोर टाकून म्हणाले, “पाह्य. रेघ कुठून निघाली, कुठी परत आली, ते सांग.” मला वाटलं, म्हातारा माझी थट्टा करतोय. पण किल्टची सगळी विद्या त्यातच होती. आठ वार कापड कमरेभोवती बसवायचं, वीस-पंचवीस चुण्या घालायच्या, आणि प्रत्येक चुणी अशी दुमडायची की बाहेर नक्षीचा नेमका पुढचा भाग यावा. माणूस उभा असला की मागची बाजू सपाट, न दुमडलेल्या कापडासारखी दिसली पाहिजे. चालू लागला की मग ती उघडते.

किल्ट झाला की मास्टर तो खुंटीला टांगत, खालचा काठ तळहातावर उचलत आणि सोडून देत. चुण्या आपोआप जागच्या जागी परतल्या तर ठीक. एखादी जरी अडली तरी उसवायचा. एकदा माझ्या चुण्या कमरेशी फार जाड झाल्या, तेव्हा मी शहाणपणा करून आतलं कापड कात्रीनं उडवलं. मास्टरांनी कापलेला तुकडा उचलून बोटांत फिरवला. मग म्हणाले, “उसवता येते तिले चूक म्हणते, बेटा. कापलं त्याले काय म्हणू?” तीन वर्षांत त्यांनी माझ्या कामाला “चांगलं” म्हटलं नाही. फार खूश असले तर म्हणायचे, “उसवाचं काम नाई.” त्या तीन शब्दांवर माझा आठवडा जायचा. त्यांच्या तोंडून एकदा “चांगला झाला” ऐकावं, याखेरीज मला त्या काळात दुसरं काही नको होतं.

मग त्यांचे डोळे गेले. साखरेच्या आजारानं डोळ्यांचा पडदा खराब केला होता. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं की आहे तेवढंच राहील, पुढे तेही जाईल. मास्टर परत आले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात बसले. “हात हाय ना अजून,” म्हणाले. “फक्त पिवळं-पांढरं समजून नाई राह्यलं. ते तू सांगत जाय.”

त्याच हिवाळ्यात नागभीडजवळच्या एका शाळेनं बँडसाठी सहा किल्ट सांगितले. हिरव्या-काळ्या चौकड्यांत एक बारीक रेघ पिवळी, पुढची पांढरी, पुन्हा पिवळी. पाच किल्ट आम्ही मिळून केले. सहावा, बँडच्या पुढे चालणाऱ्या मुलाचा, त्यांनी हट्टानं एकट्यानं केला. माझ्या घरी बहिणीचं लग्न होतं, त्या चार दिवसांत. मी परतले तेव्हा किल्ट खुंटीला टांगलेला होता आणि मास्टर लहान पोरासारखे वाट पाहत बसले होते.

“पाह्य बेटा. लाइन बरोबर हाय ना?”

मी पाहिलं. मधोमध दोन पिवळ्या रेघा शेजारी शेजारी आल्या होत्या. तिथून पुढची सगळी नक्षी एका घरानं सरकली होती. अर्धी पाठ उसवायला हवी होती. प्रजासत्ताक दिन तीन दिवसांवर होता, आणि त्यांच्या बोटांच्या टोकांना सुईनं भोकं पडली होती. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. 

“बरोबर हाय चाचा. चांगला झाला.”

प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं किल्ट घेऊन शाळेत गेलो. बँड शिकवणारे फौजेतले निवृत्त हवालदार होते. मुलांना त्यांनी किल्ट बांधायला लावले, रांगेत उभं केलं आणि मागून एक चक्कर मारली. सहाव्या मुलापाशी थांबले.

“मास्टर, इथी दोन पिवळ्या आल्या ना? जाऊ द्या, चालून जाते. कोण पाहते?”

मास्टर पुढे झाले. चुण्यांवरून बोट फिरवलं, पण बोटाला रंग कुठून कळणार? “माह्यी नजर गेली, साहेब,” एवढंच म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

परतीच्या जीपमध्ये आम्ही दाटीत बसलो होतो. अर्धा रस्ता झाल्यावर त्यांनी विचारलं, “तुले दिसलं होतं?”

“हो.”

“मंग काऊन नाई सांगितलं?”

“तुमच्या जिवाले लागलं असतं, चाचा.”

“लागलं असतं, अन् उसवलं असतं. तीन दिवस होते.” मग म्हणाले, “डोळे गेले तवा मी भेलो नाई, बेटा. म्हटलं, ह्या पोरीचे हाय ना. आता सांग, कोणाच्या डोळ्यानं शिवू?”

 

त्यानंतर त्यांनी किल्टची ऑर्डर घेतली नाही. मशीन विकली. रागावले असते तर मी पाय धरले असते, पण ते रागावले नाहीत. घरी गेलं की बायकोला, हमीदाचाचींना, चहा ठेवायला सांगत, माझ्या आईची तब्येत विचारत, पाहुण्याशी बोलावं तसं बोलत. शिवणाचा विषय निघत नसे.

उन्हाळ्यात मी उरलेल्या लोकरी कापडातून एक किल्ट एकटीनं केला. घाई नव्हती, तरी उजवीकडच्या तीन चुण्या कमरेशी तिरक्या गेल्या. मला ते दिसत होतं. तरी तसाच घेऊन गेले, कारण मला त्यांच्या शिव्या हव्या होत्या. त्यांनी तो माझ्या अंगावर फेकावा, “उसव” म्हणावं, म्हणजे मी पुन्हा त्यांची शिष्य झाले असते.

मास्टर खाटेवर बसले होते. दिसणं जवळजवळ संपलं होतं. त्यांनी किल्ट मांडीवर घेतला आणि कमरेच्या शिवणीवरून बोटं फिरवली. उजवीकडे बोटं थांबली, पुन्हा मागे गेली, पुन्हा तिथंच आली. मग त्यांनी किल्टची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

“चांगला झाला,” म्हणाले.

पाऊस लागायच्या आत ते गेले.