सूर्यभानचं ॲप आणि अडून बसलेला फोन

तारनाक्याच्या सूर्यभानला गप्प बसणं म्हणून ठाऊक नाही. रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं वायरी जोडल्या, तेव्हाही तोंड चालू. रिटायर झाल्यावर तर विचारूच नका! त्यात आठ महिन्यांपूर्वी लकव्यानं बायकोची, सरुबाईची, वाचा गेली. तेव्हापासून हा गडी दोघांचंही एकटाच बोलायचा. तिनं नुसती मान वळवली की, "तिला चहा पाहिजे!" आणि तिला हवी असायची उघडी खिडकी. मग ती डोळे मिटून घ्यायची. ते मिटलेले डोळे त्याच्या जिवाला फार लागायचे.

म्हणून पठ्ठ्यानं चौसष्टाव्या वर्षी व्हिडिओ बघून बघून स्वतः ॲप बनवलं. मोठमोठी चित्रं, बोट ठेवलं की लेकीच्या, दीक्षाच्या आवाजात बोलणार: पाणी द्या, खिडकी उघडा, पाय दुखतोय. एक बटण कोरं, मनातलं काही भरायला. सरुबाई आता स्वतःचं स्वतः बोलणार! शेजारी पेढे वाटायचेच काय ते राहिले होते.

पण सरुबाईचा फोन अडून बसला. हे ॲप अधिकृत स्टोअरमधलं नाही, बनवणाऱ्याची नोंद नाही, म्हणाला. वर प्रश्न: हे करायला कुणी तुमच्या मागे लागलंय का?

"नाही दाब, नाही!" सूर्यभान तिच्या डोक्यावर उभा.

सरुबाईनं त्याच्याकडे नीट बघितलं आणि डाव्या हाताच्या बोटानं ठामपणे 'हो' दाबलं. झालं! फोननं सगळंच बंद करून टाकलं.

"अगं माझे आई! मी काय चोर आहे?"

दीक्षा हसून हसून बेजार. "बाबा, खोटं कुठं बोलली ती?"

दुसऱ्यांदा मनधरणी केल्यावर तिनं 'नाही' दाबलं, तर फोन म्हणे, आता एक दिवस थांबा. अख्खा एक दिवस! सूर्यभानचा घरात पाय ठरेना. खाली गेला, साऱ्या बिल्डिंगला सांगून आला. परतला तर दीक्षा आईला विचारत होती, "हेच म्हणायचंय ना?" आणि सरुबाई जोरजोरात मान हलवत होती. त्याला बघताच दीक्षानं हातातला कागद लपवला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ॲप एकदाचं बसलं. दीक्षानं फोन आत नेऊन कोऱ्या बटणात काहीतरी भरून आणलं. खालची तेलुगू शेजारीण दारातूनच ओरडली, "अय्यिंदा अंकल?"

"झालं, झालं!" सूर्यभान नाचायचाच बाकी. "सरू, पाणी दाब! नको, आधी चहा. घाबरू नको, मी सांगतो तसं..."

सरुबाईचं बोट चहावरून, पाण्यावरून पुढं गेलं आणि त्या कोऱ्या बटणावर टेकलं. दीक्षाच्या आवाजात फोन बोलला:

"अवो, जरा गप बसा की! मला बोलू द्या."

सूर्यभानच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. सरुबाई त्याच्याकडे टक लावून बघत होती, डोळे न मिटता. त्यानं तसाच फोन उचलला आणि कुकटपल्लीच्या रवीला, आपल्या पोराला, लावला.

"अरे रवी, तुझ्या आईनं झापलं मला! आठ महिन्यांनी झापलं रे!"